पाया थोडा उचलला जाऊ द्या

पुलाच्या पायाबद्दल जराही शंका आली की साइटवर एक ठरलेलं उत्तर असतं: "चारी बाजूंनी अर्धा मीटर वाढवून टाका." खड्डा तर खणलेलाच असतो. काँक्रीट थोडं जास्त लागेल, पण रात्री झोप लागेल. गर्डरचं (खांबांवर टेकलेल्या आडव्या तुळयांचं) वजन, ट्रकांचं ओझं, वारा यांच्या बाबतीत हा सल्ला बहुतेक वेळा बरोबरच ठरतो. भूकंपाच्या बाबतीत मात्र तो उलटा पडू शकतो. पाया वाढवल्यामुळे वरचा खांब आधी मोडेल, असंही होतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. कागदावर आकडे मांडले तेव्हा पटलं, म्हणून तेच आकडे इथे मांडतो.

शहरातल्या उड्डाणपुलाचा एकटा खांब डोळ्यांपुढे आणा. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळं मिळून १००० टन वजन जमिनीपासून १० मीटर उंचीवर आहे असं धरू. खाली ६ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद फूटिंग आहे. पाइल (जमिनीत खोल गाडलेले खांब) नाहीत, विहिरीसारखा खोल उतरवलेला पायाही नाही. काँक्रीटचा जाड ठोकळा जमिनीवर नुसता टेकलेला आहे. यालाच आपल्याकडे ओपन फाउंडेशन म्हणतात, आणि इंजिनिअर ज्याला उथळ पाया म्हणतात तो हाच. त्यातली महत्त्वाची गोष्ट 'नुसता टेकलेला' या दोन शब्दांत आहे. माती फूटिंगला खालून ढकलू शकते, पण धरून ठेवू शकत नाही.

आता जमीन आडवी हलते. वरचे १००० टन जागच्या जागी राहू पाहतात, खांब त्यांना ओढत नेतो, आणि परिणाम असा होतो की जणू कोणी डेकला, म्हणजे वरच्या रस्त्याच्या तक्त्याला, आडवा धक्का देतंय. हा धक्का १०० टनांचा असेल तर १० मीटरच्या उंचीमुळे पायाशी १००० टन-मीटरचा मोमेंट, म्हणजे उलथवणारा जोर, येतो. म्हणजे वजनाचा एकत्रित भार फूटिंगच्या मध्यापासून १ मीटर बाजूला सरकतो. दगडी बांधकाम करणाऱ्यांचा एक जुना नियम आहे: भार पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात राहिला पाहिजे. आपल्या ६ मीटरच्या फूटिंगचा मधला तिसरा हिस्सा म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे बरोबर १ मीटर. १०० टनांच्या पुढे एक टन जरी वाढला तरी पलीकडची कड जमिनीवरून सुटायला लागते.

धक्का वाढत गेला की भार कडेकडे सरकत जातो, उचललेला भाग वाढत जातो आणि टेकलेला भाग आक्रसत जातो. खाली अभेद्य खडक असता तर भार पार कडेपर्यंत, म्हणजे मध्यापासून ३ मीटर जाऊ शकला असता. धक्का ३०० टनांवर थांबला असता. माती मात्र कडेच्या एका रेघेवर १००० टन पेलू शकत नाही. आपली माती फुटण्याआधी दर चौरस मीटरला १२५ टन पेलते असं धरू. म्हणजे १००० टनांसाठी तिला किमान ८ चौरस मीटर जागा हवी. ६ मीटर लांब आणि साधारण १.३३ मीटर रुंद अशा एका पट्टीवर सगळा पूल उभा राहील. त्या पट्टीचा मध्य फूटिंगच्या मध्यापासून २.३३ मीटरवर येतो, आणि धक्क्याची कमाल मर्यादा २३३ टनांवर येते.

भूकंप कितीही मोठा असला तरी या खांबाला २३३ टनांपेक्षा फार जास्त जोर सोसावा लागणारच नाही, कारण तेवढा जोर आला की फूटिंग एका कडेवर उचललं जातं आणि डुलायला लागतं. प्रेशर कुकरची शिट्टी आठवा. आतली वाफ ठरावीक दाबाला पोहोचली की शिट्टीचं वजन उचललं जातं, आणि गॅस कितीही मोठा केला तरी दाब त्यापुढे जात नाही. कुकर वाचतो तो शिट्टी उचलली जाते म्हणून. कोणी जास्त सुरक्षित म्हणून दुप्पट वजनाची शिट्टी लावली तर स्वयंपाकघरात काय होईल ते सांगायला नको.

आपला खांब २८० टनांपर्यंत सळया न वाकवता टिकेल असा बांधलाय असं समजा. २३३ ला पाया डुलतो, खांब सुखरूप. आता साइटवरच्या सल्ल्याप्रमाणे चारी बाजूंनी अर्धा मीटर वाढवू. फूटिंग ७ मीटरचं झालं. तोच हिशेब पुन्हा केला तर (वाढलेल्या काँक्रीटचं वजन सोडून दिलंय) मर्यादा २९३ टनांवर जाते. खांबाची ताकद २८०. आता पाया उचलला जाण्याआधीच खांबाच्या बुडाशी काँक्रीट फुटायला लागेल, सळया ताणल्या जातील. पुलाचं बाकी काहीच बदललेलं नाही. फक्त मोडण्याची जागा पायातून खांबात गेली, आणि तीही एका मीटरच्या फरकाने.

यावर पहिला प्रश्न येतो तो साहजिकच आहे: कडेवर उचलला गेलेला खांब उलटून पडत का नाही?

याचं चांगलं उत्तर १९६३ साली जॉर्ज हाउसनर यांनी दिलं. ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्राध्यापक होते. मे १९६० मध्ये चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला, आजवर मोजला गेलेला सगळ्यात मोठा. तिथे एक विचित्र गोष्ट दिसली. बारीक खांबावर मोठं डोकं असलेल्या पाण्याच्या टाक्या, ज्या पाहताक्षणी पडतील असं वाटावं, त्या उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्यापेक्षा दणकट दिसणारी बांधकामं मोडली होती. हाउसनर यांनी जमिनीवर नुसत्या टेकलेल्या ठोकळ्याचं गणित मांडलं. उचलला जाणं आणि उलटणं या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत, हे त्यातून स्वच्छ दिसलं.

आपल्या खांबाला उचलला जायला १०० टनांचा जोर पुरतो. पण उलटायचं तर १० मीटर उंचीवरचं वजन फूटिंगच्या कडेबाहेर, म्हणजे २ ते ३ मीटर बाजूला जायला हवं. तेवढं अंतर जायला वेळ लागतो, आणि भूकंपाला तेवढा धीर नसतो. अर्ध्या-एक सेकंदात त्याची दिशा फिरते आणि जो धक्का खांबाला उलथत होता तोच त्याला परत ढकलतो. शिवाय डेकचं वजन स्वतःच खांबाला मूळ जागी ओढत असतं. जोवर भार कडेच्या आत आहे तोवर गुरुत्वाकर्षण हीच परत आणणारी स्प्रिंग, आणि ती फुकट आहे. हाउसनर यांच्या गणितातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आकाराची आहे. प्रमाण सारखंच ठेवून दोन ठोकळे केले, एक खडूएवढा आणि एक कपाटाएवढा, तर मोठा ठोकळा उलटवणं जास्त अवघड. टेबलावर उभा केलेला खडू टेबल हलल्यावर पडतो हा अनुभव पुलाला जसाच्या तसा लावता येत नाही.

मातीचं काम इथे सुरू होतं, आणि ते घरी करून पाहता येतं. स्टीलचा एक उंच डबा साखरेने भरा. आधी तो ओट्यावर ठेवून एका बाजूला कलवा आणि सोडा. खट्, खट्, खट् असा तो बराच वेळ डुलत राहील. आता परातीत तांदूळ पसरा, डबा त्यांवर ठेवा आणि तसाच कलवून सोडा. एकदा-दोनदा डुलून तो गप्प बसेल. तांदळाचे दाणे एकमेकांवर घासतात आणि डब्याची सगळी ऊर्जा त्या घर्षणात जिरते. कठीण खडकावरच्या पायाला हे सुख नाही. तिथे ऊर्जा प्रत्येक वेळी खाली आपटताना थोडी थोडी जाते. मातीवरचा पाया मात्र डुलता डुलता स्वतःलाच ब्रेक लावतो.

डबा आठ-दहा वेळा डुलवल्यावर अलगद उचलून खालचे तांदूळ पाहा. कडेचे दाणे दबलेत आणि मध्ये फुगीर उंचवटा राहिलाय. सपाट बुडाचा डबा आता गोलसर जमिनीवर बसलाय. फूटिंगखालच्या मातीचंही हेच होतं. पहिल्या मोठ्या धक्क्यानंतर माती गोलावते, त्यामुळे पुढच्या लहान धक्क्यांना फूटिंग आधीपेक्षा सैल वाटतं. त्याची मोमेंट पेलण्याची कमाल ताकद मात्र फारशी कमी होत नाही. खांबाच्या बुडाशी फुटलेल्या काँक्रीटबद्दल असं म्हणता येत नाही.

आणि डबा थोडा खाली गेलेला असतो. ही या सगळ्याची किंमत आहे. दर हेलकाव्याला कडेची माती चिरडली जाते आणि पूल काही मिलिमीटर खचतो. किती खचेल हे एका साध्या गुणोत्तरावर अवलंबून असतं: फूटिंगचं क्षेत्रफळ, भागिले वजन पेलायला मातीला लागणारं किमान क्षेत्रफळ. आपल्या उदाहरणात ३६ भागिले ८, म्हणजे साडेचार. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत सुमारे ९ मीटर लांबीच्या फिरत्या हाताच्या टोकाला वाळूची पेटी बांधून असे प्रयोग झाले आहेत. पुलाची ५० पट लहान प्रतिकृती ५० पट गुरुत्वाकर्षणात फिरवली की तिच्याखालची माती खऱ्या पुलाखालच्या मातीसारखी वागते. ब्रूस कटर आणि शिवपालन गजन यांनी त्या प्रयोगांतून हे गुणोत्तर पुढे आणलं. ते १० च्या आसपास किंवा वर असेल तर खचणं अगदी थोडं. २-३ असेल तर पाया डुलण्याऐवजी रुतत जातो.

म्हणजे पेच असा: फूटिंग वाढवलं तर खचणं कमी होतं, पण खांबावरचा जोर वाढतो. यातून वाट आहे, आणि ती फूटिंगच्या खालून जाते. डुलताना चिरडली जाणारी माती वरच्या थरातलीच असते. तेवढी खणून तिथे चांगली दाबलेली खडी भरली आणि मातीची ताकद दुप्पट केली, तर किमान क्षेत्रफळ ८ वरून ४ वर येतं. गुणोत्तर साडेचारवरून ९ वर जातं, आणि ६ मीटरच्याच फूटिंगवर जोराची मर्यादा २६७ टन. अजूनही २८० च्या आत. खांब वाचला, खचणं घटलं, आणि काँक्रीट एक घमेलंही जास्त लागलं नाही. पैसे काँक्रीटमध्ये घालायचे की खडीत, हा प्रश्न इतका सरळ क्वचितच असतो.

२०१० मध्ये अथेन्सच्या राष्ट्रीय तंत्रविद्यापीठातल्या अनास्तासोपोलोस, गाझेटास आणि सहकाऱ्यांनी हा विचार टोकापर्यंत नेला: पाया मुद्दाम लहान ठेवा, मातीला हार मानू द्या, खांब वाचवा. पुलाचं गणिती मॉडेल दोन्ही प्रकारे तपासल्यावर त्यांना दिसलं की मध्यम भूकंपात नेहमीचा मोठा पायाच बरा ठरतो, पण डिझाइनपेक्षा खूप मोठा भूकंप आला तर नेहमीच्या पायावरचा खांब मोडून पडतो आणि डुलणारा पूल थोडा खचून, थोडा कलून, उभा राहतो. हे वाचून लगेच सगळे पाये लहान करायला निघू नये. पण डिझाइनपेक्षा मोठे भूकंप येतात, हे तर आपण जाणतोच.

मातीवर एवढा विश्वास टाकायला अनेक जण कचरतात, आणि त्यांच्याकडे कारणं आहेत. फार दिवस इंजिनिअरांमध्ये एक समज होता की जमीन मऊ असणं पुलाच्या फायद्याचंच असतं. पाया थोडा हलतो, पुलाचा हेलकावा संथ होतो, आणि संथ वस्तूंना भूकंप कमी झोडपतो. बहुतेक वेळा हे खरं असतं. पण १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत ते खोटं ठरलं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पण शहराचा बराच भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला. तो गाळ साधारण दोन सेकंदांच्या लयीत डोलतो. भूकंपाने तीच लय उचलली, आणि त्या लयीच्या जवळपास डुलणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती सगळ्यात जास्त पडल्या. १७ जानेवारी १९९५ ला जपानमधल्या कोबेमध्ये हानशिन द्रुतगती मार्गाचा ६३५ मीटरचा उन्नत भाग एका कुशीवर आडवा झाला. खांबांत सळया अर्ध्यावर थांबवल्या होत्या, त्यांना बांधणाऱ्या कड्या विरळ होत्या, हे मुख्य कारण. पण २००० साली मायलोनाकिस आणि गाझेटास यांनी दाखवलं की मऊ जमिनीमुळे पुलाची लय लांबून नेमकी अशा जागी गेली जिथे त्या भूकंपाचा जोर जास्त होता. तिथला पाया पाइल्सचा होता, उथळ नव्हता, पण धडा उथळ पायालाही लागू आहे: तुमच्या जागचा भूकंप कोणत्या लयीत येणार हे पाहिल्याशिवाय 'माती मदत करेल' असं म्हणू नये.

भुसभुशीत, पाण्याने भरलेल्या वाळूबद्दल तर बोलायलाच नको. १९६४ मध्ये जपानच्या निगातात अशी वाळू हादऱ्यांनी पातळ झाली आणि अख्ख्या अपार्टमेंट इमारती, फारशी मोडतोड न होता, बाजूला कलंडल्या. तिथे डुलण्याचा प्रश्नच उरत नाही. कोरड्या मोकळ्या वाळूचा आणखी एक खोडसाळपणा प्रयोगांत दिसला आहे. फूटिंगची कड उचलली गेली की बाजूची वाळू त्या फटीत घरंगळते, आणि फूटिंग परत नीट टेकत नाही. दर हेलकाव्याला एकाच बाजूची फट भरत गेली तर पूल कायमचा कलतो. दरवाज्याखाली पाचर सारावी तसं.

मला यातला सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच वाटतो. नेहमीच्या पद्धतीत नुकसान मुद्दाम खांबाच्या बुडाशी होऊ देतात, कारण ते दिसतं. भूकंपानंतर माणूस जातो, फुटलेलं काँक्रीट पाहतो, दुरुस्ती ठरवतो. पायाचं नुकसान जमिनीखाली लपलेलं असतं. डुलणारा पाया वापरायचा तर आधीपासून खांबावर खुणा करून उंची आणि कल मोजून ठेवावा लागतो, नाहीतर पूल खचला की नाही यावरच वाद सुरू होतो.

तरीही काहींनी हे धाडस केलं आहे. न्यूझीलंडमध्ये १९८१ साली सुरू झालेला साउथ रंगिटिकेई रेल्वे पूल ७८ मीटर उंच आहे. त्याच्या खांबांचे पाय भूकंपात आलटून पालटून साधारण १३ सेंटिमीटर उचलले जातील असेच बांधलेत, आणि उचलताना पोलादी दांडे पिळले जाऊन ऊर्जा जिरवतात. तिथे उचलणं खांब आणि पायाच्या सांध्यात आहे, मातीत नाही. मातीवर भिस्त ठेवली ती ग्रीसमधल्या रियोन-अंतिरियोन पुलाने, २००४ मध्ये. ६५ मीटर खोल पाणी, खाली खडकाचा पत्ता नाही, जमीन भूकंपाची. तिथे ९० मीटर व्यासाचे पाये समुद्रतळावर खडीच्या थरावर नुसते ठेवले आहेत. चारपैकी तीन पायांशी त्या थराखालची माती २५-३० मीटर लांबीच्या पोलादी नळ्या ठोकून बळकट केली, पण नळ्या पायाला जोडलेल्या नाहीत. फार मोठा धक्का आला तर पाया खडीवरून सरकेल. जून २००८ मध्ये जवळच ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पूल शाबूत राहिला.

आपल्याकडे दख्खनच्या बेसॉल्टवर गोष्ट निराळी आहे. घाटमाथ्यावर आणि देशावर अनेक ठिकाणी थोडं खणलं की मुरूम, त्याखाली काळा कातळ, त्यामुळे ओपन फाउंडेशन इथे घरचंच. आणि कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) यांच्यानंतर 'आपल्याकडे कुठे भूकंप' असं म्हणायची सोय राहिलेली नाही. खडकावरच्या पायाला भूकंपात थोडं उचललं जायची मुभा इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेतही आहे: भूकंपाच्या भाराखाली फूटिंगचा किमान ६७ टक्के भाग टेकलेला राहिला पाहिजे. म्हणजे एक तृतीयांश उचललेला चालतो. डुलण्याचं तत्त्व दारातून आत आलेलंच आहे, फक्त त्याला उंबऱ्याशी थांबवलंय. पण आपला कातळ डब्याखालच्या ओट्यासारखा आहे, तांदळासारखा नाही. इथे खचण्याची भीती नाही, आणि ब्रेकही नाही.

डुलणारा पाया कुठेही वापरला तरी एक हिशेब वर, डेकवर, करावाच लागतो. आपलं ६ मीटरचं फूटिंग एका अंशाने कललं तर त्याची एक कड साधारण १० सेंटिमीटर उचलली जाते आणि १० मीटर उंचीवरचा डेक साडेसतरा सेंटिमीटर बाजूला जातो. शेजारचा खांब त्याच वेळी उलट्या दिशेला डुलत असेल तर मधल्या सांध्यात ३५ सेंटिमीटरचा फरक पडतो. गर्डर ज्या टेकूवर बसलाय तो तेवढा रुंद नसेल, तर खांब आणि पाया दोघेही वाचतील आणि गर्डर खाली येईल.